थांब

आमच्या घरच्या कुत्र्याला पहिला शब्द शिकवला जायचा तो ‘ये’ नव्हे, ‘थांब’. हे मला आत्याआजीनं सांगितलं, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीनं. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. थंडीच्या दिवसांत शनिवारी रात्री मिरजेकडे जाणारी मीटरगेजची गाडी धरायची, जेजुरीला उतरायचं आणि कुणाची बैलगाडी मिळाली की मोरगाव-सुप्याकडच्या माळाला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. दुनळी गोणपाटात गुंडाळलेली. कुत्रा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत, त्याचं वेगळं तिकीट काढून.

त्या कुत्र्याचं नाव लाल्या. 1947 साली गोरे साहेब गेले, तेव्हा लष्करातल्या बंगल्यांतली कुत्री खानसाम्यांच्या आणि माळ्यांच्या दारात राहिली. त्यातल्याच एका स्पॅनिएल कुत्रीचं हे गावठी बापाचं पिल्लू. कान लोंबते, शेपूट मात्र गावठी, वर वळलेली. आजोबांनी त्याला शिकवलं ते चिंधीच्या बोळ्यावर. बोळ्याला कोंबडीची पिसं बांधलेली आणि आत बाभळीचे दोन काटे. अलगद धरला तर काही नाही, दाबला तर टोचणार. आठ दिवसांत लाल्याचं तोंड हलकं झालं. पुढे त्यानं आणलेल्या तितराच्या अंगावर छऱ्याची खूण असायची, दाताची कधीच नसायची.

तितर सहजासहजी उडत नाही. तो पळतो आणि बोराटीत घुसून गप्प बसतो. माणूस चार हातांवरून निघून गेला तरी हलत नाही. लाल्या वाऱ्याला तोंड करून नाक खाली घालून जायचा आणि एका जाळीपाशी ताठ व्हायचा. ‘थांब.’ आजोबा जागा धरायचे. मग जिभेनं एक टिचकी, लाल्या आत, पंखांचा फडफडाट आणि बार. बार झाला की कुत्र्यानं बूड टेकायचंच, पक्षी समोर पडला तरी. सोडल्याशिवाय जायचं नाही. हे बसणं साधायला दोन हिवाळे गेले, असं आत्याआजी सांगायची.

धनगरवाड्यांवरची कारवानी कुत्री याच्या अगदी उलट. ती नाकावर नाही, नजरेवर धावतात. लांबोडकं तोंड, पोटाची खोळ आत ओढलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ससा उठला की त्याच्या मागे सुटलेलं कारवानी डोळ्यांना नीट दिसतही नाही. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली, पंचम जॉर्ज बादशहाला जोडी नजर केली. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण मुधोळच्या आधीही ती इथल्या मेंढपाळांच्या भाकरीवरच वाढली होती, हे विसरू नये.

माळ खरा वाचायचा तो आजोबांचा सोबती, एक पारधी. फाशांत तितर धरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तोंडानं तितराची साद घालून तो पक्षी जवळ आणायचा. धुळीतला माग पाहून जनावर केव्हा गेलं ते सांगायचा. त्याची सारी जमात इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. तो कायदा 1952 साली गेला, तरी पुढे कितीतरी वर्षं चोरी झाली की पहिली झडती त्याच्याच पालाची. बंदुकीचा परवाना आजोबांच्या नावावर होता, विद्या त्याची होती. आमच्या घरच्या शिकारकथांत त्याचं नाव मात्र उरलेलं नाही. मला याची लाज वाटते.

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर मिलो आला. त्या हिवाळ्यात आजोबा सुप्याला गेले, तेव्हा माळावर एकाच डबक्यात पाणी होतं. सकाळी तितर तिथे रांगेनं उतरले, माणसाला न भिता. लाल्या तोवर गेला होता, त्याचा नातू सोबत होता. तो ताठ झाला आणि मान वळवून आजोबांकडे पाहू लागला. आजोबा म्हणाले, ‘थांब.’ पुढची टिचकी आलीच नाही. काडतुसं खिशातच राहिली. पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, एवढंच ते घरी येऊन म्हणाले. त्यानंतर दुनळी खुंटीवरून कधी उतरली नाही.

वन्यजीव संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली, आणि ते योग्यच झालं. 1997 साली सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झालं. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारे तिथेच थांबत नाहीत, भोवतालच्या माळावरही चरतात. सरकारी कागदावर त्या माळाला पडीक म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात मी तिथे गेलो होतो. बंदूक कुठेच नव्हती. कुत्री होती, सहा-सात, कुणाचीच नसलेली, आणि ती एका चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागली होती. एकाच्या गळ्यात अजून निळा पट्टा होता. धनगरांनी आरडाओरडा करून ती हुसकली. पुण्याभोवतीच्या माळांवर अशा कुत्र्यांचा लांडग्यांशी संकर झाल्याचंही अभ्यासकांना आढळलं आहे, म्हणजे लांडग्याची जातच त्यात विरघळते आहे. दोष कुत्र्यांचा नाही. त्यांना ‘थांब’ म्हणणारं कुणी राहिलं नाही.

सासवड, जेजुरी, सुप्याकडे ज्यांचे प्लॉट आणि फार्महाऊस आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे. माळावर कुत्र्याची साखळी सोडू नका. आणि नकोसं झालेलं कुत्रं रात्री गाडीतून नेऊन तिथे टाकू नका.