आठ रॅपर, हुक एकही नाही: वू-टँग क्लॅनच्या पहिल्या सिंगलने लेबलांना कसं वाकवलं?

‘प्रोटेक्ट या नेक’ हे अमेरिकन हिप-हॉप ग्रुप वू-टँग क्लॅनचं पहिलं सिंगल. 1992 च्या अखेरीस ग्रुपने ते स्वतःच्या पैशातून, स्वतःच्याच लेबलवर काढलं. मे 1993 मध्ये लाउड रेकॉर्ड्सने ते पुन्हा बाजारात आणलं. गाणं गाजलं, आणि त्याच्या जोरावर ग्रुपने जो करार पदरात पाडून घेतला, तो तर आजही अभ्यासावा असा आहे.

त्याआधी ग्रुपचा म्होरक्या रिझा एकदा तोंडावर आपटला होता. 1991 मध्ये टॉमी बॉय या लेबलने त्याला ‘प्रिन्स रकीम’ नावाने आणलं, तेही पोरींच्या मागे फिरणारा छैलछबिला रॅपर म्हणून. त्याच वर्षी त्याच्या नात्यातल्या भावाचा, जिझाचा अल्बम कोल्ड चिलिन’ने काढला. दोन्ही पडले आणि दोघांचंही लेबलशी फाटलं. मग रिझाने न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंड आणि ब्रुकलिनमधली दोस्तमंडळी आणि भाऊबंद गोळा केले. ग्रुपचं नाव आलं कुंग-फू सिनेमांतून. स्टॅटन आयलंडलाही या पोरांनी ‘शाओलिन’ करून टाकलं. रॅपरची जीभ हीच तलवार, तेव्हा समोरच्याने आपली मान सांभाळावी, असा शीर्षकाचा अर्थ.

गाणं साधारण पाच मिनिटांचं. रेडिओवर चालायचं तर लोकांच्या ओठावर बसणारं हुक, म्हणजे आपलं ध्रुवपद, लागतंच असा तेव्हाचा हिशोब. इथे ते नाहीच. इन्स्पेक्टाह डेक सुरुवात करतो, मग रेक्वॉन, मेथड मॅन, यू-गॉड, ओल’ डर्टी बास्टर्ड, घोस्टफेस किला, रिझा आणि शेवटी जिझा. प्रत्येक जण येतो, आपलं म्हणतो आणि माइक पुढच्याच्या हातात देतो. बीट खरखरीत, मुद्दाम न घासलेला. नववा सदस्य मास्टा किला या गाण्यात नाही.

ऐकताना जिझाच्या शेवटच्या कडव्यावर थांबा. तो थेट रेकॉर्ड लेबलांवर तुटून पडतो. कलाकाराचे पैसे खाणारे मालक, रॅपमधलं काही न कळता रॅपर निवडणारे साहेब, सगळ्यांना घेतो. जुन्या लेबलच्या नावावर कोटी करायलाही विसरत नाही. म्हणजे ज्यांच्याकडून करार हवा, त्यांनाच शिव्या घालणारं हे गाणं!

तरीही लेबलं आली. रिझाची अट एकच होती: ग्रुप एका लेबलकडे राहील, पण प्रत्येक सदस्य सोलो अल्बमसाठी हव्या त्या लेबलकडे जाईल. अशी मोकळीक सहसा कोणी देत नसे. एकदा सही झाली की ग्रुपसोबत त्यातला माणूसही लेबलने बांधून ठेवायचा, ही रीत. लाउडचा स्टीव्ह रिफकाइंड तयार झाला.

नोव्हेंबर 1993 मध्ये ‘एंटर द वू-टँग (36 चेंबर्स)’ हा अल्बम आला. त्यात हे गाणं आहे, पण शिव्यांच्या जागी आवाज टाकून झाकलेलं. पुढे 1994 ते 1996 दरम्यान मेथड मॅन डेफ जॅमकडून, ओल’ डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडून, जिझा गेफनकडून आणि घोस्टफेस एपिककडून सोलो आला. रेक्वॉनने लाउडच पसंत केलं.

खरी मेख इथे आहे. लेबलं वेगवेगळी असली तरी या पाचही अल्बमच्या बहुतेक बीट रिझाच्याच. प्रत्येक कंपनी आपल्या रॅपरच्या जाहिरातीवर खर्च करत होती आणि नाव मोठं होत होतं वू-टँगचं. सदस्यांना स्वातंत्र्य मिळालं ते लेबलांपासून. ग्रुपच्या आत मात्र शब्द रिझाचाच चालायचा. त्याने सगळ्यांकडे पाच वर्षं मागितली होती, माझं ऐका, तुम्हाला एक नंबरला नेतो म्हणून. जून 1997 मध्ये ग्रुपचा दुसरा अल्बम ‘वू-टँग फॉरेव्हर’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला.