धापेची मोजदाद

सायकलपटू आणि मॅरेथॉनपटू हल्ली छातीभोवती एक पट्टा बांधतात. दिसायला तो हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्यासारखाच असतो, पण मोजतो श्वास: मिनिटाला किती आणि दर खेपेला साधारण किती खोल. त्या आकड्यांवरून सरावाचे टप्पे ठरतात. कोणता वेग तासन्‌तास झेपेल, कुठून पुढे अंग जड व्हायला लागेल, कुठे काही मिनिटांतच दम संपेल. वस्तू खेळाडूंची आहे, पण तिचं कूळ शोधू गेलं तर वाट बरीचशी रुग्णालयातून जाते.

श्वास मोजायचा तर आधी तो पकडायला हवा. ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लस यांनी १९११ च्या सुमारास त्यासाठी हवाबंद पिशवी वापरात आणली. तोंडात नळी, नाकाला चिमटा, आणि बाहेर टाकलेली सगळी हवा पाठीवरच्या पिशवीत. मग तिच्यात ऑक्सिजन किती उरला, कार्बन डायऑक्साइड किती आला, ते तपासायचं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल अशी पिशवी घेऊन स्वतःच गवतावर गोल गोल धावले. वेग वाढवला तरी एका मर्यादेपुढे शरीर जास्त ऑक्सिजन घेऊ शकत नाही, हा विचार त्या धावण्यातून रुजला. पण हे झालं वरचं टोक. तिथपर्यंत पोचण्याआधी वाटेत काय बदलतं, हा प्रश्न उरलाच होता. कोलोनचे विल्डोर होलमान १९५०च्या दशकात त्याच्याशी झुंजत होते.

निर्णायक पाऊल पडलं ते हृदयरोग्यांसाठी. कार्लमन वॉसरमन आणि माल्कम मॅकइलरॉय यांचा निबंध १९६४ चा. दुबळ्या हृदयाच्या माणसाला दमछाक होईपर्यंत पळवणं धोक्याचं, आणि व्यायाम चालू असताना धमनीतून पुन्हा पुन्हा रक्त काढणं त्रासाचं. त्यांनी रक्ताऐवजी श्वासाकडे पाहिलं. कष्ट वाढले की रक्तात लॅक्टिक आम्ल साठू लागतं. रक्तातलं बायकार्बोनेट ते उदासीन करतं, आणि त्या क्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास वाढतो, घेतलेल्या ऑक्सिजनच्या मानाने जास्तच. म्हणजे हलक्या व्यायामातच, सुई न टोचता, बदल कुठे होतो ते कळतं. हा पहिला उंबरठा. कष्ट आणखी वाढले की बायकार्बोनेट पुरं पडत नाही, रक्त आम्लाकडे झुकतं आणि श्वास पुन्हा एकदा उसळतो. तो दुसरा. सहनशक्तीच्या सरावाचे तीन टप्पे या दोन उंबरठ्यांनीच पडतात.

ही कारणमीमांसा पुढे सरळ राहिली नाही. मॅकआर्डल रोगात स्नायूंना लॅक्टिक आम्ल तयारच करता येत नाही; तरी व्यायामात त्या रुग्णांचाही श्वास असाच उसळतो, असं १९८२ मध्ये दिसून आलं. श्वासाला ढकलणारी कारणं एकाहून जास्त आहेत. उंबरठे मात्र व्यवहारात टिकले, आणि मला वाटतं ते योग्यच झालं.

पट्ट्याची दुसरी शाखा मुखवट्याच्या अडचणीतून फुटली. तोंडावर मुखवटा आला की माणूस नेहमीसारखा श्वास घेत नाही, आणि तान्ह्या बाळाला किंवा झोपलेल्या रुग्णाला तर तो तासन्‌तास लावताच येत नाही. १९६७ मध्ये किमिओ कोन्नो आणि जेरे मीड यांनी दाखवलं, की छाती आणि पोट या दोहोंची हालचाल मिळून श्वासाचं आकारमान सांगता येतं. १९७०च्या दशकात मायामीत मार्विन सॅकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उपकरण केलं. लवचीक पट्ट्यात नागमोडी तार शिवलेली, एक पट्टा छातीला, एक पोटाला. तारेतून अगदी सौम्य प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा. पट्टा फुगला-आकसला की तारेचं विद्युत प्रेरकत्व बदलतं, आणि त्या बदलातून श्वासाचा आलेख उमटतो. झोपेच्या तपासणीत आजही असेच दोन पट्टे बांधतात.

खेळाडूच्या छातीवर या दोन शाखा एकत्र येतात, पण पुरत्या नाही. पट्ट्याला हवेतले वायू कळत नाहीत. त्याला दिसतो फक्त श्वासाचा आलेख, आणि कष्ट पायरीपायरीने वाढवत नेले की तो जिथे वळतो ती ठिकाणं. बोललं, पाणी प्यायलं, पट्टा सरकला की आकडे बिघडतात. म्हणून लिटरच्या आकड्यापेक्षा वळणाच्या जागेवर भरवसा ठेवावा. तरीही ठोक्यांपेक्षा श्वासाला मी जास्त मान देईन. उन्हात लांब पल्ला धावताना वेग तोच असूनही ठोके हळूहळू चढत जातात. आणि वेग अचानक वाढवला तर श्वासाची गती ठोक्यांच्या आधी उडी घेते. शिवाय वयावरून काढलेला कमाल ठोक्यांचा अंदाज एकाच वयाच्या दोघांना एकच आकडा देतो. श्वासाची वळणं ज्याची त्याची असतात, आणि काही महिने नेटाने सराव केला की तीही पुढे सरकतात. तेव्हा चाचणी पुन्हा द्यावी आणि जुने टप्पे पुसून नवे आखावेत.