प्रदीर्घ इतिहासग्रंथाची वाचनीयता : ‘मराठी रियासत’च्या संदर्भात

अनेक खंडांचा इतिहासग्रंथ बहुधा संदर्भापुरता उघडला जातो. तो सलग वाचला जाणे दुर्मीळच. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५-१९५९) यांची ‘मराठी रियासत’ याला अपवाद ठरली. १९०२ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ १८४८ पर्यंतचा, म्हणजे सातारा राज्याच्या अखेरीपर्यंतचा पट मांडतो. त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः सुबोध भाषेला दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे.

सरदेसाई सर्व वर्षांना सारखी पाने देत नाहीत. १७५० ते १७६१ या अवघ्या अकरा वर्षांसाठी त्यांनी ‘पानिपत प्रकरण’ हा स्वतंत्र खंड दिला. या काळातील पत्रे वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्येच साधनांच्या पहिल्या खंडात छापली होती. मात्र सुटी पत्रे वाचण्यास अभ्यासकाचाच धीर हवा. निवेदनाच्या ओघात आल्यावर तीच पत्रे बोलू लागतात. सदाशिवरावभाऊ रसद व पैशासाठी गोविंदपंत बुंदेल्यांकडे तगादा लावतात. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले जातात. १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडणार हे वाचकाला ठाऊक असते, पत्रलेखकाला नसते. वाचकाला पुढचे पान उलटायला लावते ते हे अंतर. शेवट माहीत असल्याने इतिहासातील रस कमी होतो, हा समज येथे टिकत नाही.

वंशावळींचा उपयोगही कमी लेखू नये. दोन बाजीराव, दोन माधवराव आणि असंख्य सरदार घराणी यांच्या गर्दीत वाचक हरवला की आनंद संपलाच!

पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केल्यानंतर सरदेसाईंनी १९४६-४८ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. नव्या साधनांचा आधार असल्याने अभ्यासकास तो अधिक उपयुक्त वाटतो. वाचनसुख मात्र मराठी ग्रंथातच अधिक आहे. याचे कारण केवळ विस्तार नव्हे. मराठीत निवेदक आणि पत्रलेखक एकाच भाषेचे वारस असतात. भाऊंचा त्रागा मूळ शब्दांत उतरतो, त्याला लागून सरदेसाईंचे वाक्य येते आणि सांधा जाणवत नाही. इंग्रजीत त्या तगाद्याचा केवळ आशय पोहोचतो.