सुरक्षित अन्नाची पारख : ग्राहकसंघटनेपासून सांकेतिक चिन्हापर्यंत
(विशेष संदर्भ : डहाणू-तलासरी परिसर)

प्रस्तावना :
बाजारातील अन्न निर्भेळ आहे की नाही हे ग्राहकाने कसे ओळखावे, हा प्रश्न जुनाच आहे. आज वेष्टनावरील चिन्ह भ्रमणध्वनीने वाचून त्याचे उत्तर शोधले जाते. या साधनामागील इतिहासाचा आणि डहाणू परिसरातील त्याच्या मर्यादांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदा आणि ग्राहकांचे संघटन :
1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1 जून 1955 पासून अंमलात आला. शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा अधिकार कलम 12 ने खरेदीदारालाही दिला होता. तथापि एकट्या ग्राहकाला तो वापरणे सोपे नव्हते. ही उणीव संघटनांनी काही अंशी भरून काढली. 1966 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाने वस्तूंच्या तपासणीस महत्त्व दिले. 1975 च्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारी कुटुंबांचे संघ करून सामूहिक खरेदीची पद्धत रुजविली. अनेकांचा अनुभव एकत्र करून एकाचा निर्णय सुकर करणे, हे आजच्या लोकसहभागी माहितीचे तत्त्व त्यात बीजरूपाने दिसते. 2012 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘ओपन फूड फॅक्ट्स’ या माहितीकोशात स्वयंसेवकच वेष्टनावरील घटकांची नोंद करतात.

सांकेतिक चिन्हाचा उदय :
2003 साली युरोपमध्ये भारतीय द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अंशांचा प्रश्न निर्माण झाला. त्यानंतर 2006 मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभारली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी आणि वेष्टनगृह यांची साखळी जोडल्याने पेटीचा माग बागेपर्यंत काढता येऊ लागला. मात्र ही दक्षता प्रथम परदेशी ग्राहकासाठी घेतली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे. देशातील ग्राहकासाठी 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्यानुसार वेष्टनावर छापला जाणारा चौदा अंकी परवाना क्रमांक आता भ्रमणध्वनीवरूनही पडताळता येतो.

डहाणूचा संदर्भ :
घोलवड येथे 1898 च्या सुमारास चिकूची लागवड सुरू झाली. ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये हा चिकू ब्रिटनला रवाना झाला. त्या फळावरील प्रक्रिया गुजरातमधील तापी येथील वेष्टनगृहात झाली होती. मानांकन फळाचे मूळ सांगते. ते फळ कसे पिकविले, हे सांगत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास बंदी आहे; परंतु सुट्या विकल्या जाणाऱ्या चिकूवर वाचण्यासारखे चिन्हच नसते. चिन्ह असले तरी ते नोंदविलेली माहितीच दाखविते. नोंदीचा खरेपणा तपासणीवरच अवलंबून राहतो.

याच परिसरात माहितीची दुसरी परंपरा जिवंत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी स्त्रिया शेवळाच्या जुड्या विकावयास आणतात. शेवळ नीट न शिजविल्यास घशाला खाज सुटते. म्हणून त्यात काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. पुष्कळदा विक्रेती जुडीसोबत काकडे देते आणि कृतीही सांगते. सुरक्षित सेवनाचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून साचले आहे. त्याचा परवाना क्रमांक नाही. 2006 च्या कायद्याचे कलम 18(3) शेतकऱ्याला आणि शेतस्तरावरील उत्पादनाला वगळते, त्यामुळे अशा मालाचा मोठा भाग चिन्हांच्या कक्षेबाहेरच राहतो.

निष्कर्ष :
सांकेतिक चिन्हाने वेष्टनबंद मालाची पडताळणी सुलभ केली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यावर चिन्ह आहे तेच सुरक्षित, अशी धारणा रूढ झाल्यास नुकसान शेवळ विकणाऱ्या स्त्रीचे होईल आणि तिचे ज्ञान गमावणाऱ्या ग्राहकाचेही. कलम 40 ने खरेदीदाराचा नमुना-तपासणीचा अधिकार आजही कायम ठेवला आहे. तालुक्याच्या बाजारात तो वापरता यावा अशी तपासणीची सोय आणि रानभाज्यांविषयीच्या लोकज्ञानाची विक्रेत्यांच्या सहभागाने नोंद, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच भ्रमणध्वनीवरील माहितीला स्थानिक अर्थ प्राप्त होईल. या कामी परिसरातील महाविद्यालयांना मोलाचा वाटा उचलता येईल.