गोठ्यातली फियाट

मागच्या खेपेला मी जात्याबद्दल बोलले, तर कितीतरी जणींनी कळवलं, आमच्याकडे अजून आहे म्हणून. आजची वस्तू तशी घरोघरी सापडायची नाही. आमच्या गोठ्यात मात्र ती बावीस वर्षं उभी होती, कडब्याच्या पेंढ्यांखाली. १९७१ सालची फियाट मोटार.

ती माझ्या मामंजींची. ते साखर कारखान्यात ड्रायव्हर होते. १९८१ साली त्यांनी ही गाडी एका निवृत्त झालेल्या साहेबाकडून जुनीच विकत घेतली. २००१ साली मामंजी गेले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. टपावर कोंबड्या बसायच्या, गादीत उंदरांनी संसार थाटला होता. तीन वर्षांपूर्वी भंगारवाला आला, पत्रा वाजवून बघितला आणि म्हणाला, "चौदा हजार देतो, आजच उचलतो." दिवाळी तोंडावर होती. आमचे मालक जवळजवळ तयार झाले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला एकदा तिच्यात म्होरं बसायचंय. मग न्या कुठं न्यायची ती."

सौदा तिथंच राहिला. आणि मला वाटलं, गाडी उघडायची तर आधी ती आली कुठून ते तरी बघावं.

फियाट ही इटलीची कंपनी. पण आमची गाडी तिकडून जहाजातून आलेली नव्हे, मुंबईत कुर्ल्याला बनलेली. आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्याची गोष्ट सुरू होते सोलापुरात. वालचंद हिराचंद यांचा जन्म तिथला, १८८२ सालचा. घरचा धंदा सावकारीचा नि कापसाचा, त्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांना बरोबर घेऊन त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. भोर घाटातून आपण आगगाडीनं जातो, तिथल्या बोगद्यांचं कामही त्यांनी केलं. पुढे १९१९ साली जहाज कंपनी, मग इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना, १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना. मोटारीचा कारखाना काढायचं त्यांच्या डोक्यात बरेच दिवस होतं, पण इंग्रज सरकारनं हात दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकन बनावटीच्या होत्या, सुटे भाग आणून जोडलेल्या. फियाटशी करार झाला तो त्यानंतर. १९५३ साली वालचंद वारले. आमच्या गोठ्यातल्यासारखी गाडी त्यांना बघायला मिळालीच नाही.

त्या काळात एक मोठा फेरबदल झाला. १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी मुंबईत गाड्या जोडून विकत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, नुसते भाग आणून जोडायचे नाहीत, भाग इथंच घडवायचे. ज्यांना ते करायचं नव्हतं त्यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या. लोकांना घ्यायची तर कलकत्त्याकडची अँबॅसडर नाहीतर कुर्ल्याची फियाट, फार तर मद्रासची स्टँडर्ड. गाड्या किती काढायच्या यावरही सरकारचा लगाम. त्यामुळे पैसे भरून कित्येक वर्षं नंबर लागायची वाट बघावी लागे. लग्न ठरताना गाडीसाठी नाव नोंदवावं नि पोरगं शाळेत जाताना ती यावी, असा प्रकार. हे धोरण चांगलं की वाईट यावर मोठी माणसं अजून भांडतात. मला विचाराल तर गिऱ्हाईक म्हणून वाईट, पण मिस्त्री म्हणून चांगलं. का ते सांगते.

१९६४ साली फियाट अकराशे डिलाइट नावाची गाडी आली. आमची त्यातलीच. तिच्याआधीच्या गोलसर गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, ते नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. १९७४ साली या डिलाइटचंच नाव बदलून प्रीमियर पद्मिनी ठेवलं, चितोडच्या राणीवरून. नाव बदललं तरी गाडी जवळपास तीच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टेअरिंगखाली हातानं टाकायचा गिअर, मागे बैलगाडीसारखे पाटे, पुढच्या दाराला वाऱ्यासाठी छोटी तिकोनी काच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तरी हिच्यात फार फरक नाही. २००० सालच्या आसपास उत्पादन थांबलं, तोवर पस्तीसेक वर्षं एकच गाडी निघत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या बहुतेक याच. तिथं टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली. पस्तीस वर्षं एकच माल निघाल्यावर त्याचे भाग गल्लोगल्ली झाले आणि दुरुस्त करणारे हातही. आमच्या तालुक्याच्या गावी सत्तरीचे एक मिस्त्री निघाले, ते डोळे झाकून हिचं कार्बोरेटर उघडतात.

पण पहिले पंधरा दिवस मिस्त्रीला बोलावलंच नाही, पैसे कुठले? मी, माझी बारावीतली लेक नि दीर, तिघांनी सुरुवात केली. लेकीनं आधी मोबाईलवर प्रत्येक जागेचे फोटो काढले, मग काढलेला प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या डब्यात. गटाच्या पापडाचे रिकामे डबे होते, त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'डावं पुढचं दार', 'रेडिएटर', 'काय माहीत नाही'. हा शेवटचा डबा सगळ्यात लवकर भरला. पुढे जोडताना या डब्यांनीच तारलं, त्यामुळे कुणी असलं काम काढणार असेल तर आधी डबे गोळा करा.

इंजिन गच्च धरलेलं होतं. बावीस वर्षं पिस्टन जागचे हलले नव्हते. असं इंजिन जोर लावून फिरवलं तर मोडतं. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल नि थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. लोणचं मुरायला ठेवतो तसं. नवव्या दिवशी गाडी वरच्या गिअरात टाकून पाचसहा जणांनी पुढंमागं झुलवली. दुपारपर्यंत काही नाही. मग एकदम चाक अडीच इंच पुढं सरकलं आणि पोरं ओरडली. सिलिंडरमधलं डिझेल काढायचं राहिलं असतं तर पुढं पंचाईत झाली असती, ते दीर विसरले नाहीत.

गंज ही खरी दुखरी बाजू. ट्रकला खाली लोखंडी चौकट असते, वरची बॉडी वेगळी. या गाडीत तसं नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. पायाखालचा पत्रा सडला तर तो नुसता बदलून भागत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. आम्ही खरवडत गेलो, तर डावीकडे हात आरपार जाईल एवढं भोक, आणि त्याखाली शेणामातीचा थर. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायला वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. यात आळस करायचा नाही, रिकाम्या टाकीतली वाफही पेटते. दुसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचं दुखणं. ती झाडू नका, फुंकू नका. तोंड बांधून ओल्या फडक्यानं टिपायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही. आम्ही चारी बाजूंना रेल्वेचे जुने लाकडी ओंडके लावले होते.

गावात बोललं गेलंच. बायका कधीपासून गाड्या खोलायला लागल्या? त्याला माझं उत्तर तयार होतं. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी तीन चाकी मोटार केली, पण तिच्यावर कुणी भरवसा ठेवेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मोटार काढून मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पेट्रोलपंप तेव्हा कुठले? वाटेत एका औषधाच्या दुकानातून तिनं डाग काढायचं द्रावण इंधन म्हणून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. मोटारीची पहिली लांबची वाट आणि तिची वाटेतली दुरुस्ती, दोन्ही एका बाईनं केली. हे मी पारावर सांगितलं. कुणी मान्य केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यातलेच दोघं गाडी ढकलायला आले.

गादीचं काम आमच्या गटातल्या शिलाईवाल्यांनी घेतलं. जुनं रेक्झिन उसवून त्याचाच नमुना केला, आत काथ्या भरला. पुढची गादी या गाडीत सलग असते, बाकासारखी, तिघं बसतात. ती उसवायला आत्याबाई बसल्या होत्या. दोरे काढता काढता बोलू लागल्या.

मामंजींच्या गाडीचं गावात नाव होतं. रात्री-अपरात्री कुणाची बाई अडली की लोक याच दारात यायचे. पैसे मिळोत न मिळोत, मामंजी निघायचे. किती पोरं या गाडीमुळं जगली ते सांगणारे अजून आहेत. १९८२ साली माझ्या नणंदेच्या वेळी आत्याबाईंना कळा लागल्या, त्या रात्री गाडी परगावी वऱ्हाडाला गेली होती. शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली. नणंद ओढ्यातच, बैलगाडीत झाली. मामंजी पहाटे परतले, तेव्हा बोनेटवर झेंडूची माळ तशीच होती. "मी काही बोलले न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "त्यांनीबी काही विचारलं न्हाई." गाडी दारात आली त्याला वीस वर्षं होऊन मामंजी गेले. त्यात त्या तीनदा बसल्या, तिन्ही वेळा मागं. पुढं पुरुष माणसं असायची.

आम्ही सगळ्या गप्प होतो. मशीनवाली तेवढी सुई ओवत राहिली.

रंगाचं काम सोपं गेलं, उलट त्यात गंमतच होती. पॉलिश पेपरनं घासताना वरचा पांढरा गेला, खाली निळा लागला, निळ्याखाली राखाडी. दाराच्या आतल्या घडीत तो राखाडी अजून चकचकीत होता, तोच कारखान्याचा मूळचा. निळा बहुतेक साहेबाच्या हौसेचा. पांढरा मामंजींचा, लग्नाच्या भाड्यांसाठी. आम्ही राखाडीच दिला, रेड ऑक्साइडचे दोन हात मारून त्यावर.

कागदपत्रांनी मात्र घाम काढला. नोंदणीचं पुस्तक आत्याबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांखाली सापडलं. नंबर जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरं नि आकडे; एमएच आणि जिल्ह्याचा आकडा हे १९८९ नंतरचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. आमची कधीच संपलेली. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. कुणीतरी तेच सुचवलं. पण त्या नंबरावर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांनीच रस्त्यावर आणता येते. आत्याबाईंना बाजारात न्यायचं तर ते कसं चालावं? म्हणून साध्याच नोंदणीच्या मागे लागलो. दंड भरला, खेपा घातल्या. एका टेबलावरच्या साहेबांनी तर गाडी भंगारात देऊन रिकामं व्हायचा सल्ला दिला. सहा महिन्यांनी तपासणीत पास झाली.

खर्चाचं विचाराल, तर भंगारवाल्याच्या चौदा हजारांच्या कितीतरी पट गेले. हिशोब मी लिहून ठेवला आहे, पण मालकांसमोर रेडिओवर सांगणार नाही.

गेल्या श्रावणात पहिल्यांदा बाजारला नेली. गाडी दीर चालवत होते, मधे लेक, खिडकीशी आत्याबाई. मी मागे. तिकोनी काच उघडून त्यांनी वारा तोंडावर घेतला आणि डोक्यावरचा पदर दातात धरला. ओढ्याच्या पुलावर त्यांनी हात वर करून गाडी थांबवायला लावली. उतरल्या नाहीत. खाली पाण्याकडं थोडा वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "चला, भाजी शिळी मिळंल."

परतताना चढावर इंजिन तापलं. बाटलीतलं पाणी रेडिएटरला घालून पंधरा मिनिटं झाडाखाली बसलो. थर्मोस्टॅट बदलायला हवा, असं मिस्त्री म्हणतात. पुढच्या महिन्यात मी लायसन्ससाठी परीक्षा देणार आहे.