धनंजय माने कुठे राहतात?

‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न ठाऊक नसलेला मराठी माणूस शोधायचा म्हटलं, तर बरंच हिंडावं लागेल. ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट १९८८च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला. तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं आज मित्राच्या दारात उभी राहून हेच वाक्य टाकतात आणि आतून हसण्याचा आवाज येतो.

पण मंडळी, जरा थांबून या वाक्याकडे बघा. यात विनोद कुठे आहे? कोटी नाही, श्लेष नाही, अतिशयोक्तीही नाही. पोस्टमनने विचारावा तसा साधा पत्ता विचारणारा प्रश्न आहे. त्यातलं निम्मं हसू परशाचं, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या सुराचं. उरलेलं निम्मं त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. धनंजय माने इथे राहतात खरे, पण किती दिवस राहतील याची खात्री खुद्द मान्यांनाही नाही. माझं तर असं मत आहे की या चित्रपटातले बहुतेक विनोद उकलत गेलं की शेवटी एकच गोष्ट हाती लागते. ती म्हणजे भाड्याची खोली.

गोष्ट सर्वांना पाठ आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या धनंजयकडे भाऊ शंतनू आणि सुधीर व परशा हे मित्र येऊन थडकतात, आणि घरमालक विश्वासराव सरपोतदार त्यांना बाहेर काढतात. पुढे लीलाबाई काळभोर जागा देतात, पण फक्त जोडप्यांना. मग परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि दोन संसार थाटले जातात.

आता ही अट लीलाबाईंचीच होती का? त्या काळी पुण्यात खोली शोधलेल्या कुणालाही विचारा. ‘सडाफटिंगांना जागा नाही’ हे घरमालकाचं पहिलं वाक्य असायचं. शहराची लोकसंख्या १९६१ साली सहा लाखांच्या आसपास होती, ती १९८१ पर्यंत सुमारे बारा लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट! पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी आणि इथल्या कॉलेजांनी गावोगावची तरुण पोरं ओढून आणली. त्यात १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि मुठेच्या काठच्या पेठांमधली कितीतरी घरं वाहून गेली. जागा कमी आणि माणसं जास्त, असा तो मामला होता. ‘कॉट बेसिस’ हा शब्द ज्यांनी अनुभवला आहे त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. एका खोलीत चार खाटा आणि आपला हक्क फक्त त्यातल्या एका खाटेवर.

यातला दुसरा धागा कायद्याचा. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पुण्यालाही लागू होता. त्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली होती. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण महागाई वाढत गेली आणि भाडं मात्र जिथल्या तिथे राहिलं. पुढे १९७३च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. १ फेब्रुवारी १९७३ला जे लोक लायसन्सवर जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. घरमालकांनी धसकाच घेतला. आज पाहुणा म्हणून आलेला उद्या कायमचा बसला तर? त्यापेक्षा खोलीला कुलूप लावून ठेवलेलं बरं, असा विचार करणारे मालक गल्लोगल्ली होते.

हे लक्षात घेतलं की सुधीर जोशींचे सरपोतदार वेगळे दिसू लागतात. त्यांनी धनंजयला मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये दिलेले असतात. औषध येणार इस्रायलहून, एका मित्राकडून. धनंजय चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतो की तो मित्र वारला आणि त्याच्याबरोबर ते सत्तर रुपयेही वारले. आपण धनंजयच्या बाजूने पोट धरून हसतो. पण तेव्हा पुण्यातल्या जुन्या वाड्यांत कित्येक खोल्यांचं महिन्याचं भाडं सत्तर रुपयांहून कमी होतं! घरमालकाच्या तोंडी कंजूसपणा शोभतो तो असा. सुधीर जोशींनी हा माणूस खलनायक होऊ दिला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचा संशय आणि चडफड आपल्या ओळखीची आहे. खरं तर कायद्याप्रमाणे सरपोतदारांना भाडेकरूला हलवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती, आणि तो दावा चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवापर्यंतही चालला असता. पडद्यावर ते काम काही मिनिटांत उरकतं. असो.

मूळ कल्पना मराठी नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ साली आला होता. त्यात पाच मित्र आणि मुंबईतली जागेची टंचाई होती, आणि बिस्वजित व केश्टो मुखर्जी साडी नेसले होते. त्याहीमागे शैलेश डे यांची बंगाली कथा होती. म्हणजे कोलकाता, मुंबई आणि पुणे, तिन्ही ठिकाणी एकट्या पुरुषाला घर मिळेना! पण ‘बीवी और मकान’ आज किती जणांना आठवतो? ‘बनवाबनवी’ मात्र तोंडपाठ आहे. दिग्दर्शक सचिन यांनी जमवलेला नटसंच हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे लेखक वसंत सबनीस.

‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा हा माणूस. लोकनाट्यातली हजरजबाबी भाषा त्यांच्या हाताला सवयीची होती. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्यच घ्या. बंगालीत तो आणि ती यांना सर्वनाम एकच, त्यामुळे तिथे ही चूक करताच येणार नाही. मराठीत मात्र ‘हा’ म्हटलं की पुरुष आणि ‘ही’ म्हटलं की बाई. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतही फरक आहेच. म्हणजे साडी नेसलेल्या परशाला तोंड उघडलं की धोका, आणि त्याची ओळख करून देणाऱ्या धनंजयलाही तितकाच. अशोक सराफ ते वाक्य बोलून जातात, जीभ अडखळल्याचं त्यांच्या उशिरा लक्षात येतं, आणि भाड्याची जागा व्याकरणाच्या एका प्रत्ययावर लोंबकळत राहते. शाळेत लिंगविचार शिकवताना गुरुजींनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

दोन्ही ‘बायका’ही किती वेगळ्या आहेत पाहा. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषाने लुगडं नेसण्याचं नवल नव्हतं. गंधर्वांनी नेसलेली वस्त्रं पाहून घराघरातल्या स्त्रिया तशी नेसायला लागल्या, अशी त्यांची ख्याती. सचिन यांची सुधा त्या वळणाची आहे. ती चालते, लाजते, मान वेळावते, आणि घटकाभर आपणही फसतो. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती दुसऱ्या टोकाची. तिच्या पदराखालचा परशा क्षणभरही लपत नाही, आणि लपू नये असंच वाटतं. या पार्वतीला दिवस गेल्याचं सोंग घ्यावं लागतं, तेव्हा तर खोटेपणाचा कळस होतो. घर टिकवायचं म्हणून लग्न, लग्न टिकवायचं म्हणून डोहाळजेवण. थाप कशी व्याजासकट वाढते ते इथे दिसतं. बायकांच्या घोळक्यात झोपाळ्यावर बसलेल्या त्या पार्वतीचा चेहरा आठवून बघा, अवघडलेला आणि तरी लाड करून घेणारा. हे लेखकाला कागदावर लिहून देता येत नाही.

माधुरी झालेल्या अश्विनी भावेंच्या लिंबू कलरच्या साडीलाही स्वतंत्र चाहतावर्ग आहे. तो आपल्या विषयाबाहेरचा म्हणून पुढे जातो.

शंतनू झालेले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, सुधीर जोशी २००५ साली. वसंत सबनीस त्याआधीच, २००२ मध्ये. कायदाही बदलला. गोठवलेली भाडी अन्यायकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटलं, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता अकरा महिन्यांचा करार होतो, त्याची नोंदणी होते, मुदत संपली की जागा सोडायची असते. भाडेकरू कायमचा बसेल ही मालकाची भीती बरीचशी ओसरली आहे. तरी कोथरूड, वाकड, हिंजवडीकडे खोली शोधणाऱ्या आयटीतल्या मुलांना विचारा. एजंट फोनवर आधी भाड्याचा आकडा सांगत नाही. तो विचारतो, ‘फॅमिली आहे का बॅचलर?’