अमिनो आम्ल कमी पडलं, हे यीस्टला कसं कळतं?

पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. प्रथिनांसाठी लागणारी 20 अमिनो आम्लं ती स्वतः तयार करू शकते. माणसाला त्यातली 9 अन्नातूनच घ्यावी लागतात. मात्र ही आम्लं आयती मिळत असताना बनवत बसणं यीस्टला परवडत नाही. म्हणून ती बनवणारी जनुकं गरजेनुसार कमी-जास्त होतात.

टंचाई कशी ओळखली जाते?

पेशीत अमिनो आम्लं वाहून नेणारे टी-आरएनए रेणू असतात. एखादं आम्ल कमी पडलं की त्याचे टी-आरएनए रिकामे राहतात. जीसीएन2 हे प्रथिन ते ओळखतं आणि एकूण प्रथिननिर्मिती मंदावतं.

पण एक प्रथिन उलट वाढतं

ते म्हणजे जीसीएन4. त्याच्या संदेशवाहक आरएनएवर मुख्य मजकुराआधी 4 छोटे मजकूर असतात. एरवी प्रथिनं बनवणारे रायबोसोम त्यांच्यातच अडकून गळतात. टंचाईत त्यांना पुन्हा सज्ज व्हायला उशीर लागतो, त्यामुळे काही रायबोसोम नंतरचे छोटे मजकूर ओलांडून मुख्य मजकूर गाठतात. मग जीसीएन4 वेगवेगळी अमिनो आम्लं बनवणारी अनेक जनुकं एकदम वाढवतं. टंचाई एकाच आम्लाची असली तरी!

याचं महत्त्व काय?

ॲस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी फुफ्फुसांत गंभीर संसर्ग करते. तिच्यातलं जीसीएन4 सारखं जनुक काढून टाकल्यावर उंदरांमध्ये तिची रोगकारक क्षमता घटली. बुरशीत असलेली, पण माणसात नसलेली अमिनो आम्लं बनवणारी विकरं नव्या औषधांसाठी लक्ष्य ठरू शकतात, ती याचमुळे.